एलिस बेटावर ज्यूंची आडनावं बदलली गेली नाहीत

न्यूयॉर्कच्या ज्यूंबद्दल एक गोष्ट सतत फिरते: एलिस बेटावर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, कारकुनांना यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नावं उच्चारता येईनात, म्हणून त्यांनी मनाला येईल ती आडनावं लिहून टाकली. हे खरं नाही.

मुळात तिथे नाव लिहिलंच जात नव्हतं. प्रवाशांची यादी जहाज कंपनी करी, तीही हॅम्बुर्ग, ब्रेमेन, रॉटरडॅमसारख्या बंदरांत, जहाज सुटण्यापूर्वी. एका पानावर साधारण 30 नावं. बेटावरचा निरीक्षक ती यादी समोर ठेवून वय, धंदा, जवळचे पैसे, कुणाकडे जाणार हे विचारी आणि उत्तरं ताडून पाही. नवं नाव घातलेला कुठलाही दाखला तिथे मिळत नसे.

भाषेची अडचण म्हणाल, तर दुभाषे नोकरीवरच होते, यिडिश जाणणारेसुद्धा. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेल्लो ला गार्डिया 1907 ते 1910 तिथे दुभाषे होते.

"मग यादीत नाव वेगळं का दिसतं?" कारण लिपी बदलली. रशियनमध्ये 'ह' नाही, म्हणून हुरविच कागदावर गुरविच होतो. जर्मन कारकून 'व'साठी डब्ल्यू लिहितो. नावावर नंतर खरडलेला आकडाही बदलाचा पुरावा नव्हे. बहुतेकदा नागरिकत्वाच्या अर्जासाठी कित्येक वर्षांनी जुनी नोंद तपासली गेली, त्याची ती खूण.

नावं बदलली, पण ती लोकांनी स्वतः. न्यूयॉर्कमध्ये कोर्टात न जाताही नवं नाव वापरता येई. 1906 च्या कायद्याने नागरिकत्व देतानाच नाव बदलून देण्याची मुभा न्यायाधीशाला दिली. नोकऱ्यांच्या जाहिरातींत उघडपणे "ख्रिश्चन हवा" छापलं जाई. कोलंबिया विद्यापीठाचा प्रवेश-अर्ज धर्म आणि वडिलांचं जन्मस्थान विचारी. अशा शहरात मुलांसाठी आडनाव सोडणं हा घरात बसून, जड मनाने घेतलेला निर्णय होता. कारकुनाच्या गोष्टीने तो भेदभावही पुसला जातो आणि तो निर्णयही.

ही गोष्ट खरी मानणारे आपले पूर्वज शोधताना आजचं आडनाव घेऊन जहाजाची यादी धुंडाळतात आणि रिकाम्या हाताने परततात. आधी नागरिकत्वाचा अर्ज काढा; त्यावर बऱ्याचदा आगमनाच्या वेळचं नाव, जहाज आणि तारीख असते. 1922 पूर्वी पत्नीला पतीबरोबरच नागरिकत्व मिळे, तेव्हा तिच्यासाठी पतीचे कागद पाहा. मग यादीत अमेरिकेत घेतलेलं मॉरिस नको, मूळचं यिडिश मोइशे शोधा. आडनाव जमेना तर ते सोडून पहिलं नाव, वय आणि गाव एवढ्यावर शोध लावा.