पहिलं वाक्य

निबंध लेकीचा, आठवीचा. विषय 'माझे गाव' आणि बाईंची अट एकच: सुरुवात आकर्षक हवी. आमच्या वेळी ही कटकट नव्हती. विषय गाय असो की टिळक, आधी सूर्य उगवायचा, पाखरं किलबिलायची. कानडीच्या तासाला तर साचाच ठरलेला: पीठिके, विषय विस्तार, उपसंहार. पीठिकेत एखादी गादे, म्हणजे म्हण, ठोकून दिली की मास्तर खूश.

बायको देवळाला जाताना दूध गॅसवर ठेवून गेली. "बारीक केलंय, लक्ष ठेवा." म्हणून वही घेऊन मी स्वयंपाकघरातच बसलो.

अडलो पहिल्याच शब्दाला. बेळगाव लिहू की बेळगावी? 1 नोव्हेंबर 2014 पासून कागदोपत्री बेळगावी, पण आमच्यात कुणाची जीभ तिकडं वळत नाही. 1956 पासून भल्याभल्यांना न सुटलेला सीमाप्रश्न वहीत कशाला आणा, म्हणून 'आमचे गाव' लिहून वेळ मारून नेली.

मग वजनदार सुरुवात केली. 1924 च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन.

"पप्पा, हे मी इतिहासाच्या पेपरात लिहितो की!" लेक म्हणाली. (आमच्याकडं मुलीही 'लिहितो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना याचं फार हसू येतं.)

प्रश्नानं सुरुवात करून बघितली: 'तुम्ही कधी रेल्वे गेटात अडकलाय का?'

"बाई रोजच अडकतात. शाळेला उशिरा येतात त्या."

तेवढ्यात सुचलं, कुंदा, आमच्या गावची मिठाई! कुणा हलवायाचं दूध म्हणे चुलीवर विसरून राहिलं, आटत आटत रवाळ झालं आणि त्याचाच कुंदा झाला, अशी गोष्ट सांगतात. मी रंगात आलो. विसरलेलं दूध, विझत आलेली चूल, हलवायाची तारांबळ... लिहिता लिहिता खमंग वाससुद्धा यायला लागला. माझ्या लेखणीत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"अहो, काय करालाय तुम्ही?" बायको दारात.

पातेल्याच्या बुडाला काळा थर, वर तपकिरी गुठळ्या. मी चमच्यानं चाखून म्हटलं, "थोडी साखर घातली तर..." तिनं काही न बोलता तारेची घासणी माझ्या हातात दिली.

घासण्यात पाऊण तास गेला. तोवर लेकीनं एक ओळ लिहून ठेवली होती: 'आज आमच्या पप्पांनी कुंदा करपवला.' खाली मी अधिवेशन, गेट, किल्ला सगळं ओळीनं बसवून दोन पानं भरली.

आठवड्यानं वही परत आली. पहिल्या ओळीखाली लाल रेघ, शेजारी 'छान!' आणि तळाला बाईंचा शेरा: 'उरलेला निबंधही तूच लिहायचा होतास.'