वाटपाची टक्केवारी आणि अन्नाचा हक्क

सध्या नागपुरातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा की देशात सुमारे ८१ कोटी लोकांना मोफत धान्य मिळते, प्रत्येक रेशन दुकानाचे वाटप ऑनलाइन दिसते, म्हणजे अन्नाचा हक्क पूर्ण झाला आणि त्यावर वेगळी देखरेख ही परदेशी संस्थांची उठाठेव आहे. यातला पहिला आकडा खरा आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पुढची विधाने मात्र तपासून पाहिली पाहिजेत.

ऑनलाइन दिसणाऱ्या या वाटपाच्या टक्केवारीत छेदस्थानी शिधापत्रिकेवर नाव असलेलीच माणसे असतात. ज्याचे नाव ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, न झाल्यामुळे कमी झाले तो या छेदातूनही निघून जातो, म्हणजे माणूस रेशनबाहेर पडतो आणि टक्केवारी उलट सुधारते. शिवाय लाभार्थ्यांची मर्यादा आजही २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. तेव्हापासून हुडकेश्वर, वाठोडा, पारडीकडे किती वस्ती वाढली हे नागपूरकरांना सांगायला नको.

ज्याला धान्य मिळाले, त्याचीही पूर्ण हकीकत या आकड्यात येत नाही. पूर्व नागपुरातल्या एका दुकानासमोर मी उभा असताना धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी ई-पॉस यंत्रावर, म्हणजे बोटाचा ठसा जुळवून धान्याची नोंद करणाऱ्या यंत्रावर, चार वेळा बोट ठेवले. बोटांवरच्या रेषा घासून गेलेल्या. दुकानदार म्हणाला, “मावशी, मशीन अंगठा घेऊन नाही राहिली, उद्या या.” अंगठा जुळला नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, असे केंद्राचे निर्देश असताना हे घडले. तिसऱ्या खेपेला त्यांना धान्य मिळाले, म्हणून नोंदीत त्या ‘लाभ घेतलेल्या’ आहेत. तीन सकाळची बुडालेली कामे कोणत्याही रकान्यात नाहीत.

धान्य मिळाले म्हणजे पुरेसे अन्न मिळाले, हेही खरे नाही. माणशी ५ किलो तांदूळ-गव्हात डाळ, तेल, दूध येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली. राज्यात त्या वेळीही रेशन सुरूच होते. म्हणूनच देखरेख गोदामापाशी थांबून चालत नाही, ती अंगणवाडीतल्या वजनकाट्यापर्यंत आणि बाळाच्या उंचीच्या नोंदीपर्यंत गेली पाहिजे.

राहिला परदेशी असल्याचा आरोप. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००४ मध्ये स्वीकारलेल्या, अन्नाच्या हक्काविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत देखरेखीवर स्वतंत्र कलम आहे, पण ती तत्त्वे ऐच्छिक आहेत. आपल्यावर बंधनकारक आहे तो आपल्याच संसदेने केलेला २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, आणि त्यात राज्य अन्न आयोग, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, सामाजिक अंकेक्षण (लोकांच्या सहभागाने होणारी तपासणी) आणि रेशनवर लक्ष ठेवणाऱ्या दक्षता समित्या या सगळ्यांची तरतूद आहे. त्याआधी, २००१ मध्ये, गोदामे भरलेली असताना लोक उपाशी का, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर गेला होता आणि आदेश पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी न्यायालयाने स्वतः आयुक्त नेमले होते.

याच कायद्याच्या आठव्या कलमानुसार हक्काचे धान्य किंवा जेवण मिळाले नाही तर लाभार्थ्याला अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. आपल्या भागात हा भत्ता आजवर किती जणांना मिळाला, हे दक्षता समितीच्या पुढच्या बैठकीत विचारावे आणि मिळेल ते उत्तर त्याच व्हॉट्सॲप गटांवर टाकावे.