कातडी संस्थानिकाची, खिसा माझा

लग्नाला दीड वर्ष झालं आणि माझ्या अंगठीच्या बोटाला खाज सुटली. आधी वाटलं डास असेल, मालवणात डासाला काय तोटा, पण डास काय रोज बरोब्बर अंगठीच्या खालीच गोल फिरून चावणार का. आठवड्याभरात तिथे लाल पट्टा, मग बारीक पाण्याचे फोड, मग सालं निघायला लागली. रात्री झोपेत एवढं करकरा खाजवायचो की बायको म्हणाली, शेजारी कोणीतरी नारळ खवतंय असं वाटतं.

आईचं निदान तयारच होतं. "सुंगटां बंद कर आधी." आमच्याकडे अंगावर काहीही उठलं की पहिला आळ कोळंबीवर. दोन महिने कोळंबी बंद. दोन महिने! मालवणात राहून! समोर सगळे सुंगटाचं कालवण भातावर ओतून घेतायत आणि मी वरणभात चिवडतोय, आणि बोट होतं तसंच. अंगठी काढली की चार दिवसांत बरं वाटायचं, पण मग शेजारच्या काकी माझ्या रिकाम्या बोटाकडे बघून बायकोला हळूच विचारायच्या, "सगळा बरा आसा मां?"

शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर चिकटपट्ट्या, त्यात ज्यांची ज्यांची ऍलर्जी येते त्या वस्तूंचे ठिपके, 48 तास पाठ भिजवायची नाही आणि घाम आणायचा नाही. एप्रिलच्या शेवटी, कोकणात, म्हणे घाम आणायचा नाही. दोन दिवस मी टेबलफॅनकडे पाठ करून बसलो आणि आल्यागेल्याशी भिंतीकडे तोंड करून बोललो. सगळे ठिपके साफ निघाले, एकच लाल, फुगलेला. निकेल. आणि ही ऍलर्जी एकदा लागली की सहसा जन्मभर सोबत असते असं डॉक्टर अगदी प्रसन्नपणे म्हणाले.

अंगठी सासऱ्यांनी हौसेने दिलेली, व्हाइट गोल्डची. 18 कॅरेट म्हणजे 75 टक्के सोनं, उरलेल्यात सोन्याचा पिवळेपणा मारायला निकेल (पॅलेडियम घातलेलं पण मिळतं, पण ते महाग), आणि वरून चकाकीसाठी रोडियमचा मुलामा. म्हणजे दीड वर्ष मी मुलाम्याशी संसार केला. तो झिजला, खालचं निकेल घामात उतरायला लागलं, आणि घाम तर आपल्याकडे बारा महिने चोवीस तास चालू.

मग सोनाराकडे गेलो. बापुडा शांतपणे एकेक काढून दाखवत होता. चांदी घ्या. घेतली, 925ची, म्हणजे 7.5 टक्के बहुतेक तांबं. खाज नाही, पण आमच्या हवेत महिन्याभरात अशी काळी पडली की बोटात वायसर घातल्यासारखा दिसायला लागलो. तांब्याची घातली तर बोट हिरवं. ती ऍलर्जी नव्हे, तांबं घामाशी लागून रंग सोडतं आणि धुतलं की जातो, पण ऑफिसात हिरवं बोट किती जणांना समजावणार. सर्जिकल स्टील म्हणून जे 316एल विकतात त्यात पण 10 ते 14 टक्के निकेल असतंच, फक्त घट्ट बांधलेलं, सहसा सुटत नाही. माझा त्या 'सहसा'वरचा विश्वास उडाला होता. राहिलं काय, तर 916चं पिवळंजर्द बावीस कॅरेट, ज्यात बाकीचं चांदी-तांबंच असतं, नाहीतर प्लॅटिनम. कातडीला बरोब्बर तेच दोन मानवतात जे मला परवडत नाहीत. हिला कुठल्यातरी संस्थानात जन्माला यायचं होतं, चुकून माझ्या अंगावर आली.

शेवटी टायटॅनियम मागवलं, ऑनलाइन. हलकी, स्वस्त, खाज शून्य. एकच भानगड, लहानमोठी करता येत नाही, सोनाराने तर हात लावायलाच नकार दिला, त्यामुळे मे महिन्यात बोट सुजलं की साबण लावून काढायची आणि थंडीत धाग्याचे वेढे देऊन घालायची. आईने उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "सायकलीची तार वळवून आणलंस काय रे?"

त्याच पार्सलात मी एक निकेल ओळखायचं किट पण मागवलं होतं. बाटलीतले थेंब कापसावर घ्यायचे, धातूवर घासायचे, कापूस गुलाबी झाला की निकेल. मग काय, घरभर घासत सुटलो. किल्ल्या गुलाबी. बायकोचे मॅचिंग कानातले गुलाबी. मंगळसूत्राला हात लावू देईना, शेवटी तिने स्वतःच घासलं, पास. आणि मग खुंटीवरच्या जीन्सच्या बटणाला लावलं तर कापूस एकदम जास्वंदीसारखा.

हात आपोआप बेंबीखाली गेला. तिथे चार वर्षं एक रुपयाएवढा डाग खाजतोय. त्याच्यापायी आईने माझ्या कुर्ल्या बंद केल्यात, चार वर्षं.

तसाच उठलो आणि लुंगी नेसून बाजारात कुर्ल्या आणायला गेलो.