चार ट्रीटमेंट आणि डीएफ एक?

"चार ट्रीटमेंट आणि डीएफ एक? अगं, तीन यायला हवा ना?" सरांनी हे अख्ख्या लॅबसमोर विचारलं. थिसिस माझा, खतांची तुलना करणारा आनोव्हाचा तक्ता माझा, आणि ट्रीटमेंटच्या ओळीत डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे गटांपेक्षा एक कमी) ठसठशीत १. खाली एररला १८. वीस कुंड्यांचा साधा सीआरडी, म्हणजे कुठल्या कुंडीला काय ते निव्वळ चिठ्ठ्या टाकून! ३ आणि १६, हे बीएस्सीचं पोरगं झोपेतही सांगेल.

हा आर (आमचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) एरवी एक कंस राहिला तरी लालभडक तोंड सोडतो. कॅपिटल-स्मॉल चुकलं की ओळखच दाखवत नाही. पण जिथं बोंबलायला हवं तिथं मिठाची गुळणी. मी रकान्यात १, २, ३, ४ लिहिलं, ती नुसती नावं होती हो! यानं ते खरेच आकडे धरले. म्हणजे जीवामृत हे काहीच न घातलेल्या कुंडीच्या चौपट. मधे शेणखत दुप्पट, गांडूळखत तिप्पट. आणि या चौघांतून सरळ रेघ ओढून गटांतला फरक तोलणारा एफ काढला, पी (खरा फरक नसतानाही असा आकडा येण्याची शक्यता) काढला, वर शेजारी 'सिग्निफिकंट' म्हणणाऱ्या दोन चांदण्या चिकटवल्या. चांदण्या बघून मी हुरळले आणि प्रिंट काढून मोकळी.

आधी मी शहाण्यासारखं टी१, टी२ असंच लिहिलं होतं. तेव्हा डीएफ आला ४! पाचवी ट्रीटमेंट कुठून उगवली म्हणून दोन तास डोळे फोडले. एका 'टी२'च्या मागं स्पेस पडली होती. दिसतसुद्धा नाही मेली. त्या एका कुंडीनं वेगळी चूल मांडलेली. वैतागून सगळे 'टी' उडवले आणि आगीतून फुफाट्यात.

आणि ते व्हिडिओवाले! "एका ओळीचं काम आहे, फ्रेंड्स." यांचा डेटा कायम आरसोबतच येणारा तो आयता प्लांटग्रोथ. तीन गट, प्रत्येकी दहा रोपं, तीसच्या तीस मोजलेली. माझ्या पहिल्या वर्षीच्या तीन कुंड्या शेळीनं खाल्ल्या. तिथं मी '-' टाकला, तर उंचीचा अख्खा रकाना मजकूर होऊन बसला. शिवाय पी सरळ लिहायला काय होतं? २.१ई-०५ (म्हणजे ०.००००२१) बघून आमच्या एका सीनियरनं "पी २.१, नॉन-सिग्निफिकंट" लिहून दिलं होतं. पी एकाच्या वर जातो का कधी? सहीसकट पुढं गेलं ते.

काल रात्री चिडून वही आणि कॅल्क्युलेटर काढला. संख्याशास्त्रज्ञ फिशरनं इंग्लंडातल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९२०च्या दशकात हे सगळं कॉम्प्युटरशिवायच उभं केलं, मला वीस आकडे जड आहेत का? एकूण बेरजेचा वर्ग भागिले वीस, करेक्शन फॅक्टर... 'फॅक्टर' लिहिलं आणि ट्यूब पेटली. हा रकाना फॅक्टर, म्हणजे आकडे नव्हे तर गटांची नावं, हे आरला सांगायचं राहिलं होतं! सांगितलं. ३ आणि १६. एफ वहीशी दोन दशांशांपर्यंत तंतोतंत.

मग जुनं आउटपुट उघडलं. टुकी (नेमक्या कुठल्या गटांत फरक आहे ते पाहणारी चाचणी) चालवताना आरनं स्वच्छ वॉर्निंग दिली होती, की हा रकाना फॅक्टर नाही, मी तो सोडून देतोय. पंधरा दिवसांपूर्वी. मी न वाचता खिडकी बंद केली होती. मिठाच्या गुळणीचे शब्द मागे घेते. चांदण्यांचे नाही घेणार.

सकाळी नवा तक्ता सरांसमोर ठेवला. चष्मा वर करून पाहिला त्यांनी.

"हं. टुकी कशाला? त्याच कामाची सीडी, क्रिटिकल डिफरन्स, कुठाय?"