खाणी हव्यात, मग कारखान्याचंही बोला

भारत सरकारने जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटींचं क्रिटिकल मिनरल मिशन (तांबं, कोबाल्ट, लिथियमसारखी महत्त्वाची खनिजं मिळवण्याची योजना) मंजूर केलं. तेव्हापासून नागपूर-पुण्याच्या मित्रांचा फोन आला की एकच प्रश्न: चीनने आफ्रिकेतल्या खाणी घेतल्या, आपण कधी घेणार? झांबियाच्या कॉपरबेल्टमध्ये, म्हणजे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात, किटवे शहरात राहताना हा प्रश्न मला खटकतो.

जगातलं सुमारे ७० टक्के कोबाल्ट, म्हणजे बॅटरीत लागणारा धातू, शेजारच्या काँगोतून निघतं. तांबं दोन्ही देशांत आहे. बॅटरी मात्र इथे बनत नाही. माल ट्रकवर चढून बंदराकडे जातो आणि त्याची खरी किंमत चीनमधल्या रिफायनरीत वाढते. बॅटरी बनवणं एकट्या देशाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून २०२२ मध्ये काँगो आणि झांबियाने बॅटरी उद्योग मिळून उभारायचा करार केला. मला तो मनापासून पटतो. पण त्याची वाट दोन्ही देशांच्या सीमेवरच्या कासुंबलेसाच्या नाक्यावरून जाते, आणि तिथे ट्रक दिवसेंदिवस खोळंबतात. ऑगस्ट २०२४ मध्ये काँगोने बिअर व शीतपेयांची आयात रोखल्यावरून वाद पेटला आणि झांबियाने काही दिवस सीमाच बंद केली. अशा सीमेवर भरवसा ठेवून सामाईक कारखान्यात पैसा कोण घालेल?

विजेचंही तसंच. त्याच वर्षीच्या दुष्काळात झांबियाला जलविद्युत देणारा करिबा जलाशय इतका आटला की आमच्याकडे दिवसाचे बहुतेक तास वीज नसायची. काँगो नदीवर इंगाला प्रचंड जलविद्युत क्षमता आहे. तिथली वीज कॉपरबेल्टपर्यंत आणणं हे माझ्या मते नव्या रेल्वेइतकंच तातडीचं काम आहे. अंगोलातल्या लोबितो बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाला अमेरिका-युरोपचा पैसा, टांझानियाकडे जाणाऱ्या ताझारा रेल्वेला चीनचा. दोन्ही रूळ शेवटी समुद्राकडेच जातात.

सुरजागडचं लोहखनिज बाहेर जाऊ लागलं तेव्हा ‘प्रक्रिया गडचिरोलीतच करा’ अशी मागणी झाली. ती रास्तच होती. भारत स्वतः चांगल्या प्रतीच्या लोहखनिजावर ३० टक्के निर्यात शुल्क लावतो. मग झिंबाब्वेने २०२२ मध्ये कच्च्या लिथियमची, नामिबियाने २०२३ मध्ये प्रक्रिया न केलेल्या खनिजांची निर्यात रोखली, तर त्याला आडमुठेपणा का म्हणायचं?

आपले भूवैज्ञानिक आज झांबियात तांबं-कोबाल्ट शोधताहेत. जे सापडेल ते इथेच शुद्ध होईल, काँगोचा मालही त्याच कारखान्यात घेतला जाईल आणि इथली मुलं तिथे अभियंते म्हणून काम करतील, अशी अट दिल्लीने स्वतःहून करारात घालावी. त्यासाठी लागणारे रसायन अभियंते महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.