१८२च्या आतला नवरा

बोटीवरची नोकरी चालू ठेवावी की बायकोजवळ राहावं, असा पेच पडला असेल तर बायकोला विचारू नका. ती काहीतरी हळवं बोलून जाईल आणि तुमचं गणित बिघडेल. सीएला विचारा. तो एकच आकडा सांगेल : १८२. एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात की आयकर खातं तुम्हाला निवासी धरतं आणि डॉलरमधल्या पगारावर इथे कर लागतो. १८१ दिवसांवर थांबलात तर तुम्ही अनिवासी. मग परदेशी फेऱ्यांचा पगार एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यात येऊन सुखाने पडून राहतो. घरी किती दिवस राहावं, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला ना सासऱ्यांनी दिलं होतं, ना लग्न लावणाऱ्या भटजींनी. बायकोवर जीव ओवाळून टाका, फक्त १८१व्या दिवशी हात आखडता घ्या.

म्हणूनच सांगतो, मुहूर्त काढताना भटजींच्या शेजारी सीएला बसवा. मी फेब्रुवारीत लग्न केलं आणि मग कळलं की वर्षाचे बाहेरचे दिवस भरायला थोडे कमी पडतायत. हातावरची मेंदी उतरली नव्हती (तिच्या, माझ्या हाताला तोवर ग्रीस लागलं होतं) आणि मी बोट चढलो. लग्नाच्या आल्बममध्ये सगळ्यांत मोकळं हसतोय तो सीए.

शिवाय आमचं काम कॉन्ट्रॅक्टचं. बोटीवर पाय असेल तर पगार, घराच्या उंबऱ्यात पाय पडला की शून्य. संसारात ही गोष्ट फार उपयोगी पडते. समजा महिन्याला सहा हजार डॉलर मिळतात, म्हणजे दिवसाला दोनशे. दापोलीला तीन दिवस गेलात की जागच्या जागी सहाशे डॉलर बुडाले. हॉटेल आणि सुरमईचं ताट वेगळं. संध्याकाळी मुरूडच्या वाळूत बसून बायको म्हणाली, ‘अजून जरा बसूया ना,’ तर लगेच विरघळू नका. तासाला आठ डॉलर तेहेतीस सेंट. त्यातून बघायचा काय, तर समुद्र! तो बघायचे मला लोक पैसे देतात.

एवढं करूनही मन खायला लागलं तर ‘हे शेवटचं कॉन्ट्रॅक्ट’ असं म्हणा. हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही, कारण ते पुढच्या वेळीही वापरता येतं. माझं पहिलं शेवटचं कॉन्ट्रॅक्ट २०११ साली झालं, खारघरच्या फ्लॅटचं कर्ज फेडायला. मग फ्लॅटला शोभेल असं फर्निचर, मग फर्निचरला शोभेल अशी शाळा. आतापर्यंत नऊ शेवटची कॉन्ट्रॅक्टं झाली. बायको पूर्वी वाद घालायची. आता नुसतं विचारते, ‘अहो, शेवटचं म्हणजे कितवं?’

मुलांचं काय, असं कुणी विचारेलच. आमच्या बोटीवर गुहागरकडचा एक फिटर होता. अधिकाऱ्यांची कॉन्ट्रॅक्टं चार-सहा महिन्यांची, खालच्या लोकांची बहुधा नऊ महिन्यांची. हा योगायोग कुणी जुळवून आणला असेल त्याला माझा नमस्कार. त्याच्या मुलीचं बारसं होतं तेव्हा आम्ही सिंगापूरसमोर नांगरावर होतो, त्यामुळे किनाऱ्याचं नेटवर्क मिळत होतं. पठ्ठ्याने बॉयलर सूट धुऊन घातला, मेसमध्ये लोणच्याच्या बरणीला मोबाईल टेकवला आणि समोर बसला. पलीकडे पाळणा, झिरमिळ्या, बायकांची गर्दी. आत्या वाकली, कानात ‘कुर्रर्र’ म्हणाली, आणि इकडे इंजिन तयार ठेवा असा हुकूम आला. तो खाली पळाला. मी मोबाईल उचलून धरला होता, पण बायकांच्या गलक्यात नाव काही कळलं नाही. नांगर उचलला, नेटवर्क गेलं. पुढचं बंदर येईपर्यंत आम्ही सगळे तिला ‘कुर्र’च म्हणत होतो. पुढे नाव कळलं, पण बोटीवर तेच टिकलं. तेव्हा बारशाची काळजी सोडा. मूल तुमच्यावाचून मोठं होतंच.

आता घरी आल्यावर कसं वागावं. सहा महिने तुमच्या शब्दावर इंजिनरूम हलत होती, म्हणून पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराची तपासणी हातात घ्या. मी एकदा सगळ्या डब्यांना लेबलं लावली आणि वापराच्या क्रमाने मांडले. संध्याकाळी बायकोने हिंग शोधायला पंचवीस मिनिटं घेतली. काही बोलली नाही. सकाळी डबे जागच्या जागी होते. लेबल फक्त माझ्या चहाच्या कपावर उरलं होतं, ‘मोहरी’ असं.

जरा वरच्या हुद्द्यावर गेलात की बायकोलाही बोटीवर नेता येतं. कागदोपत्री तिला ‘सुपरन्युमररी’ म्हणून चढवतात, म्हणजे मोजणीबाहेरची. माझी आली होती एकदा, सहा आठवडे. मी दिवसभर खाली, ती दिवसभर केबिनमध्ये, खिडकीतून कंटेनर बघत. उतरताना म्हणाली, ‘घरी तुमचं कसं होत असेल ते कळलं.’ मला तेव्हा वाटलं, कौतुकच करतेय.

वटपौर्णिमेला ती सात जन्म मागते. आमच्या हिशोबाने त्यातले साडेतीनच घरी येतील, बाकीचे परस्पर बोटीवर. सावित्रीने यमाच्या हातून नवरा सोडवून आणला, त्याचं मला फारसं कौतुक नाही. यमाला रिलिव्हर, म्हणजे जागेवर येणारा बदली माणूस, शोधावा लागत नव्हता. २०२० साली करोनात बंदरं बंद झाली आणि कॉन्ट्रॅक्ट संपूनही जगभरातले सुमारे चार लाख लोक बोटींवर अडकले, तेव्हा माझे सहाचे साडेदहा महिने झाले. बायको फोनवर रडत होती. मी तिला समजावलं, अगं, बाहेरचे दिवस भरून वर उरलेत! त्या दिवशी फोन तिने आधी ठेवला.

गेल्या वर्षी पासपोर्टवरचा एक शिक्का पुसट निघाला आणि सीएने दिवसांचा नक्की हिशोब मागितला. मी बॅगा उपसत बसलो. बायकोने भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात तिने दुधाच्या पिशव्या लिहिलेल्या असतात. मी नसताना एक, मी असताना दोन. तिने बोटाने दोनच्या तारखा मोजल्या. एकशे सतरा. मी सीएला फोन केला.

‘वा!’ तो म्हणाला, ‘म्हणजे अजून चौसष्ट दिवस शिल्लक होते तुमचे.’

फोन स्पीकरवर होता. बायकोने कॅलेंडर उचलून परत खिळ्याला लावलं.

परवा बेलापूरहून कंपनीचा फोन आला. अर्जंट आहे, रिलिव्हर मिळत नाहीये, दहा टक्के जास्त देऊ, सोमवारी जॉइन व्हा. मी आवाज बारीक करून म्हणालो, ‘घरी विचारून सांगतो.’ आणि विचारायला म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, तर ती दूधवाल्याशी बोलत होती : ‘हो हो, सोमवारपासून एकच टाका.’