पेटलेल्या मेणावर पाणी? वहिनी, तो मेसेज आधी डिलीट करा

सेलूला आमच्या वहिनींच्या बचत गटात परवा एक मेसेज फिरला. "घरबसल्या मेणबत्ती उद्योग, महिना 40 हजार." खाली सात मुद्दे आणि हात जोडलेल्यांची रांग. वहिनींनी 5 किलो मेण आणून मगच मला फोन केला, "भाऊजी, डायरेक्ट गॅसवरच ठेवायचं ना?" म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात आधी सहावा मुद्दा. "मेणाने पेट घेतल्यास घाबरू नये, लगेच तांब्याभर पाणी ओतावे." हे लिहिणाऱ्याने जन्मात फोडणी दिलेली नाही. तापल्या तेलात ओल्या हाताचा एक थेंब पडला तर काय होतं, ते आमच्या पोरींनाही माहीत आहे. इथे तर तांब्याभर! पाणी मेणापेक्षा जड, ते खाली जातं. पेटलेलं मेण 200 अंशांच्या घरात किंवा त्याहून वर. पाण्याची क्षणात वाफ होते, तिला साधारण 1700 पट जागा लागते, आणि वर येताना ती जळतं मेण बारीक थेंबांनी चौफेर उडवते. वर पत्रे, शेजारी सिलिंडर. गॅस बंद करा, झाकण बाजूने सरकवून घट्ट बसवा, थंड होईस्तोवर उघडू नका. पातेलं उचलून अंगणात न्यायचं तर अजिबात नाही.

"पण वात नसताना मेण पेटेलच कसं?" वहिनींचा प्रश्न रास्त होता. रविवारी गेलो तर लाइट गेलेलीच होती. मेणबत्ती फुंकली, पांढऱ्या धुराची दोरी वर निघाली. पेटती काडी वातीला न लावता बोटभर वर, त्या धुरात धरली. ज्योत धुरावरून उतरून वातीवर बसली. पुतण्याने चार वेळा करायला लावलं. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1860-61 च्या नाताळात मुलांसमोर हेच केलं होतं. जळते ती मेणाची वाफ. पातेलं फार तापलं की अख्खं पातेलंच वात होतं.

म्हणून "थेट आचेवर, वेळ वाचतो" हेही बाद. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचा डबा. पाणी 100 अंशांच्या वर जात नाही आणि मेणाला वितळायला 60-65 पुरतात. फक्त खालचं पाणी आटू देऊ नका.

मधमाशीचं मेण हवा शुद्ध करतं म्हणे! फॅरेडेंनी ज्योतीवर थंड भांडं धरून त्यावर जमलेलं पाणी दाखवलं, कार्बन डायऑक्साइडही दाखवला. मेण कुठलंही जाळा, खोलीतला ऑक्सिजनच खर्ची पडतो. वास गोड येतो, तेवढं कबूल.

पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचं नेहमीचं मेण, खनिज तेलातून निघतं, हे मात्र खरं आहे. नाइलाजाने मान्य. म्हणून ते लगेच विष ठरत नाही. काजळी धरत असेल तर वात कापून आखूड करा. रंगासाठी मेणखडू टाकू नका, वात तुंबते.

आणि "अजिंठ्याची चित्रं मेणात रंगवली म्हणून टिकली" हे कुणी घुसडलं? मेणात रंगवलेली जुनी व्यक्तिचित्रं इजिप्तच्या फायूमची. अजिंठ्यात मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, मग रंग. तिथे पिवळट लेप दिसतो, तो 1920 नंतर इटालियन तज्ज्ञांनी चढवलेल्या शेलॅकचा, म्हणजे लाखेचा.

वहिनींनी मेसेज काढून टाकला. तोवर अध्यक्षबाईंनी तो आणखी दोन गटांत टाकला होता.